चार स्क्रूंची गिटार

2019 मध्ये एक व्हिडिओ जगभरच्या गिटारवाल्यांमध्ये फिरला. मोकळ्या जागेत शेकडो इलेक्ट्रिक गिटारी जमिनीवर मांडलेल्या आणि त्यांच्यावरून साखळीपट्ट्यांवर चालणारं एक यंत्राचं धूड पुढेमागे फिरतंय. गिटारी गिब्सन या अमेरिकन कंपनीच्या होत्या, मॉडेल फायरबर्ड एक्स. 2011 च्या सुमारास ते बाजारात आलं तेव्हा गिटारचं भविष्य म्हणून त्याचा गाजावाजा झाला होता. स्वतःहून सुरात लागणाऱ्या मोटरच्या खुंट्या, पोटातच बसवलेले डिजिटल इफेक्ट्स, बिनवायरीचं पेडल, किंमत साडेपाच हजार डॉलरच्या घरात. लोकांनी ती फारशी घेतली नाही. व्हिडिओवरून ओरड झाल्यावर कंपनीने खुलासा केला की ही 2009 ते 2011 या काळातली एक बॅच होती, आतले काही भाग असुरक्षित होते आणि ती वाचवण्यासारखी राहिली नव्हती.

आणि याच कंपनीने 1959 साली बनवलेली लेस पॉल नावाची गिटार मात्र आजही वाचवता येते. खुंटी तुटली तर दुसरी बसते. पिकअपची, म्हणजे तारांचं कंपन पकडणाऱ्या भागाची, तार तुटली तर वेटोळं पुन्हा गुंडाळता येतं. व्हॉल्यूमचा पॉट, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या बटणाखालचा भाग, खरखरायला लागला तर नवा टाकायला अर्धा तास पुरतो. भविष्य म्हणून आणलेली गिटार दहा वर्षांत भंगारात गेली आणि जिला आपण कालबाह्य म्हणतो ती कार्यक्रमात वाजतेय. हा योगायोग नाही, असं मला वाटतं.

गिटारवाले जमले की जुन्या सामानाचा वाद निघतोच. तरुण मंडळी म्हणतात, तीस किलोचा व्हॉल्व्हचा (जुन्या रेडिओतल्यासारख्या काचेच्या नळ्यांचा) ॲम्प कशाला ओढत बसता, तोच आवाज आता हातभर लांबीच्या डिजिटल खोक्यातून निघतो. जुने म्हणतात, तुम्हाला कान नाहीत, त्या आवाजातली ऊब तुमच्या खोक्यात नाही. मला दोन्ही बाजू तितक्याशा पटत नाहीत. आवाजाचा मुद्दा पुढे येतोच आहे, पण जुनं सामान अजून वापरात राहण्याचं खरं कारण त्याच्या आवाजात कमी आणि त्याच्या बांधणीत जास्त आहे, हे माझं म्हणणं. ते उघडता येतं. कुणालाही.

त्यामागे एक माणूस आहे. लिओ फेंडरला गिटार वाजवता येत नव्हती. 1938 मध्ये त्याने कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. गावोगाव वाजवणारे कलाकार त्याच्याकडे बिघडलेले ॲम्प घेऊन येत आणि त्यांना त्याच संध्याकाळी कार्यक्रम असे. आता असा माणूस गिटार बनवायला बसला तर काय करील? तत्पूर्वीच्या चांगल्या गिटारीची मान धडात सरसाने कायमची चिकटवलेली असायची. मान वाकली की वाद्य महिनोन्‌महिने कारागिराकडे. लिओने मान चार स्क्रूंनी धडाला जोडली. खराब झाली, काढली, दुसरी लावली. 1950-51 मध्ये आलेल्या त्याच्या टेलिकास्टर गिटारीचं सगळं वायरिंग एका लहानशा धातूच्या पट्टीखाली आहे. दोन स्क्रू काढले की सगळं समोर. शास्त्रशुद्ध वाद्यकारांनी तेव्हा नाकं मुरडली. फळीला मान ठोकलीय म्हणाले. ती फळी सत्तरहून अधिक वर्षं जवळपास त्याच घाटात बनतेय.

ॲम्पची गोष्टही तीच. फेंडरचा 1959 चा बासमन उघडून बघा. आत एक पुठ्ठ्यासारखी पाटी, तिच्यावर ओळीने रेझिस्टर आणि कपॅसिटर, प्रत्येक भाग डोळ्यांना दिसेल एवढा मोठा, प्रत्येक सांधा डाख देऊन हाताने जोडलेला. खोक्याच्या आतल्या बाजूला कागद चिकटवलेला, कुठल्या जागी कुठला व्हॉल्व्ह ते सांगणारा. यात गुपित असं काहीच नव्हतं. व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपन्या आपल्या पुस्तिकांमधून जे नमुना आराखडे छापत, त्यांच्याच कुळातला हा आराखडा. म्हणूनच 1962 मध्ये लंडनच्या हॅनवेल भागात ड्रमचं दुकान चालवणाऱ्या जिम मार्शलला आणि त्याच्या दोन-तीन तंत्रज्ञांना तो बासमन समोर ठेवून आपला ॲम्प बनवता आला. अमेरिकन भाग महाग पडत, म्हणून त्यांनी इंग्लंडात मिळणारे भाग घातले. आवाज जरा निराळा झाला. त्या निराळेपणातून पुढे इंग्लंडच्या रॉकचा आवाज घडला, हे आता कुणाला सांगायला नको.

आता आवाजाबद्दल. व्हॉल्व्हचा ॲम्प जास्त रेटला की ध्वनिलहरींची टोकं हळूहळू बोथट होतात, ट्रान्झिस्टरसारखी एकदम छाटली जात नाहीत. वाजवणाऱ्याच्या बोटाच्या जोरानुसार आवाज फाटतो किंवा निवळतो. हा फरक खरा आहे, कानाला कळतो आणि विशेषतः हाताला कळतो. पण तो आता डिजिटल उपकरणांनी बराचसा पकडलाय, हेही खरं. 2013 मध्ये मेटालिका या बँडने अंटार्क्टिकातल्या संशोधन तळावर कार्यक्रम केला तेव्हा ॲम्पच्या भिंती तिथे नव्हत्या. डिजिटल यंत्रातून निघालेला आवाज प्रेक्षकांनी हेडफोनवर ऐकला. कुणी तक्रार केल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

आणि जुन्याच्या आवाजावर आंधळी श्रद्धा असणाऱ्यांनी व्हायोलिनवाल्यांचं काय झालं ते बघावं. 2010 मध्ये अमेरिकेत इंडियानापोलिस इथे क्लॉडिया फ्रिट्झ आणि सहकाऱ्यांनी 21 व्हायोलिनवादकांच्या डोळ्यांवर वेल्डिंगचे काळे चष्मे चढवले आणि सहा व्हायोलिनं हातात दिली. तीन नवी, तीन जुनी. जुन्यांत इटलीच्या गाजलेल्या जुन्या कारागिरांची, दोन स्ट्रॅडिव्हेरियस आणि एक ग्वार्नेरी. बहुतेकांनी घरी न्यायला नवं वाद्य निवडलं. सगळ्यांत नावडतं ठरलं ते एक स्ट्रॅडिव्हेरियस. गिटारवाल्यांवर असा प्रयोग केला तर निकाल फार निराळा लागेल असं मानायला मी तयार नाही. जुन्या लाकडाची महती गाणारे निम्मे लोक डोळे बांधल्यावर गप्प होतील.

म्हणून जुन्या सामानाच्या पूजकांनाही माझा विरोध आहे. क्लॉन सेंटॉर नावाचं एक ओव्हरड्राइव्ह, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाडणारं, पेडल आहे. 1994 पासून बिल फिनेगन या गृहस्थाने ती जवळपास आठ हजार बनवली आणि आतला सर्किट बोर्ड काळ्या इपॉक्सीने बुजवून टाकला, नक्कल होऊ नये म्हणून. सुरुवातीला काहीशे डॉलरना विकलं गेलेलं ते पेडल आज हजारो डॉलरना जातं. पुढे लोकांनी इपॉक्सी खरवडून आराखडा काढलाच; आतले बहुतेक भाग कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारे. फिनेगनने नंतर काढलेल्या पेडलच्या पाठीवर चक्क लिहून टाकलं की हा जो हास्यास्पद गवगवा चाललाय तो माझा नाही. बनवणाऱ्यालाच उबग आला, तरी खरेदीदारांना येत नाही! त्याहून कहर म्हणजे नवी कोरी गिटार मुद्दाम खरचटवून, रंग उडवून, धातूला गंज चढवून विकणं. फेंडरच्या कस्टम शॉपने हे 1995 पासून सुरू केलं आणि खरचटलेली गिटार न खरचटलेलीपेक्षा महाग मिळते. घामाच्या डागांचेही पैसे.

पिंक फ्लॉइड बँडचा गिटारवादक डेव्हिड गिल्मर याची काळी स्ट्रॅटोकास्टर (हीही फेंडरचीच गिटार) 2019 मध्ये ख्रिस्तीजच्या लिलावात 39 लाख 75 हजार डॉलरना गेली (ते पैसे त्याने पर्यावरणाच्या कामाला दिले, हे नोंदवलं पाहिजे). आता ती एक वस्तू आहे. पण तो ती वाजवत होता त्या काळात त्याने तिची मान एकदा नव्हे, अनेकदा बदलली, पिकअप बदलले, जादा सॉकेटसाठी भोक पाडलं आणि नंतर बुजवलं. इंग्लिश गिटारवादक एरिक क्लॅप्टनची 'ब्लॅकी' तर तीन वेगवेगळ्या जुन्या स्ट्रॅटोकास्टरींचे भाग एकत्र करून जुळवलेली. क्वीन बँडचा गिटारवादक ब्रायन मे याने आणि त्याच्या वडिलांनी 1963 पासून घरीच बनवलेल्या गिटारीची मान एका जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाची आहे आणि तो ती अजून वाजवतो. अमेरिकन गायक विली नेल्सनची मार्टिन कंपनीची गिटार 1969 पासून त्याच्यासोबत आहे. तिच्या आवाजाच्या भोकाशेजारी घासून घासून दुसरं भोक पडलंय आणि कारागीर ती वरचेवर सांधत असतात. यातलं एकही वाद्य मूळ अवस्थेत राहिलं म्हणून मोठं झालेलं नाही. संग्राहक मात्र मूळ स्क्रूसुद्धा बदललेला चालवून घेत नाहीत. बदलला की किंमत पडते. म्हणजे ज्या गुणामुळे ही वाद्यं जगली तोच गुण त्यांच्या बाजारात दोष ठरला.

जुनं सामान म्हटलं की डोळ्यांपुढे हीच लिलावातली गिटार येते, हा आणखी एक घोळ. प्रत्यक्षात वापरात असलेलं जुनं सामान साधं आणि स्वस्त आहे. बॉसचं नारिंगी डीएस-वन पेडल 1978 मध्ये आलं, आजही नवं मिळतं, आणि पुण्या-मुंबईच्या कॉलेजातल्या किती पोरांचं ते पहिलं पेडल असतं! रोलँडचा जेसी-120 ॲम्प 1975 चा. त्यात व्हॉल्व्ह नाहीत, ट्रान्झिस्टर आहेत, तरी जगभरच्या रिहर्सलच्या खोल्यांमध्ये तो उभा असतो, कारण तो सहसा बिघडत नाही आणि बिघडला तर दुरुस्त होतो. ॲम्पसमोर लावतात तो शुअरचा एसएम57 माइक 1965 चा. यांना कुणी विंटेज म्हणून कपाळाला लावत नाही. ती नुसती चालू आहेत.

आपल्याकडे हा विचार परका नाही, फक्त तो गिटारच्या संदर्भात कुणी करत नाही. पेटीवाल्यांना विचारा. जुन्या पॅरिस किंवा जर्मन सुरांची पेटी असं नुसतं म्हटलं तरी त्यांचे कान टवकारतात. तिचं लाकूड बदललेलं असतं, भाता दोनदा नवा केलेला असतो, पण पितळी सूर तेच असतात, कारण एकेक सूर काढून, घासून, पुन्हा लावता येतो. संगीत नाटकाच्या साथीला आलेला परदेशी पायपेटीचा ऑर्गन बनवणारे कारखाने केव्हाच बंद झाले. तरी महाराष्ट्रात तो आजही वाजतो, तो इथल्या पेटी दुरुस्त करणाऱ्यांनी चालता ठेवला म्हणून. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा बातम्या भोपळ्यांवर आणि परंपरेवर आल्या. खरी परंपरा जवारीची, म्हणजे तारेला झणकार देणाऱ्या घोडीच्या घासणीची, आहे. घोडी घासून जवारी काढणारा हात जोवर आहे तोवर आजोबांचा तंबोरा नातीला वापरता येतो. त्याच घरात दहा वर्षांपूर्वी घेतलेला इलेक्ट्रॉनिक तंबोरा मात्र बंद पडून माळ्यावर जातो आणि त्याची जागा फोनमधलं ॲप घेतं.

गिटारच्या बाबतीतही 1991 पूर्वीच्या मुंबईत आयात जवळपास अशक्य होती. परदेशी ॲम्प यायचा तो जहाजावर किंवा आखातात नोकरी करणाऱ्या कुणाच्या तरी सामानातून. तो जळला तर कंपनीचं सर्व्हिस सेंटर कुठून असणार? लॅमिंग्टन रोडवर जायचं. घरोघरच्या व्हॉल्व्ह रेडिओंवर हात बसलेले मेकॅनिक तिथे होते आणि रेडिओचे व्हॉल्व्ह तर बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्ससुद्धा बनवत असे. गिटार ॲम्प त्यांच्यासाठी जास्त आवाजाचा रेडिओ होता. आज त्याच रस्त्यावर डिजिटल प्रोसेसर घेऊन गेलात तर दुकानदार प्रामाणिकपणे हात वर करील. भाग तांदळाच्या दाण्याहून लहान, मुख्य चिपवर कंपनीचा छाप, आराखडा गुप्त, सॉफ्टवेअरला कुलूप. माझ्याकडच्या एका मल्टी-इफेक्ट खोक्याची स्थिती तर अधिकच गमतीची आहे. ते धडधाकट चालतं, पण त्यातले आवाज बदलायला लागणारा प्रोग्राम नव्या लॅपटॉपवर उघडतच नाही आणि कंपनीने तो सुधारणं सोडून दिलंय. यंत्र जिवंत आणि किल्ली हरवलेली.

जुन्याच्या बाजूने बोलताना त्याच्या अडचणी झाकून चालणार नाही. व्हॉल्व्ह ॲम्पच्या आत चारशे व्होल्टच्या पुढे दाब असतो आणि बटण बंद केल्यावरही तो कपॅसिटरांत काही काळ टिकतो. माहिती नसताना आत हात घालणं जिवावर बेतू शकतं. जर्मेनियम ट्रान्झिस्टरची 1960 च्या दशकातली फझ (आवाज खरखरीत करणारी) पेडल तापमानाला इतकी हळवी की मे महिन्यातल्या मुंबईत त्यांचा सूर बिघडतो. कोकणातल्या पावसाळ्यात लोखंडी भागांचं काय होतं ते सांगायला नको. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये तीस वॉटचा व्हॉल्व्ह ॲम्प त्याच्या खऱ्या आवाजात लावला तर सोसायटीची सभा बोलावली जाईल. आणि व्हॉल्व्ह येतात कुठून? गिटारसाठीचे बहुतेक व्हॉल्व्ह आज रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन या तीन देशांत बनतात. मार्च 2022 मध्ये युक्रेन युद्धानंतर रशियाने निर्यातीवर बंदी घातली तेव्हा साराटोव्हच्या कारखान्यातला माल काही काळ अडकला, लोकांनी साठेबाजी केली, भाव चढले. पुढे पुरवठा सुरू झाला, पण जुन्याची दोरी किती बारीक आहे ते दिसलं. दुरुस्त करणारा असून भाग नसेल तर त्याचाही उपयोग नाही.

त्यामुळे घरात हेडफोन लावून डिजिटल खोक्यावर वाजवणाऱ्या मुलाला मी उपदेश करणार नाही. ते खोकं नसतं तर त्याने कदाचित वाजवलंच नसतं. माझं भांडण त्या खोक्याच्या डिजिटलपणाशी नाही, त्याला घातलेल्या कुलपाशी आहे.

आणि हा केवळ हौशी लोकांचा प्रश्न नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा आराखडा ठरवायला समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात पोर्टल सुरू केलं. क्षेत्रं चार निवडली: शेतीची अवजारं, मोबाइल आणि टॅब्लेट, घरगुती उपकरणं, वाहनं. निवड चुकीची नाही, शेतकऱ्याचा ट्रॅक्टर अडला तर हंगाम जातो. पण लग्नाच्या बँडमध्ये, ऑर्केस्ट्रात, गोव्याच्या हॉटेलात, चर्चमध्ये, लावणीच्या आणि भक्तिगीतांच्या कार्यक्रमांत वाजवून पोट भरणाऱ्याचा कीबोर्ड किंवा प्रोसेसर अडला तर त्याचाही हंगाम जातोच. आपल्याकडे लग्नसराई आणि गणपती-नवरात्र एवढेच तर त्याचे दिवस. त्याचं यंत्र वॉशिंग मशीनइतकंही महत्त्वाचं का धरू नये?

मागणी फार मोठी नाही. संगीताची इलेक्ट्रॉनिक उपकरणं या यादीत यावीत. कंपनीने उपकरणासोबत दुरुस्तीची पुस्तिका द्यावी आणि ते बनवणं थांबवल्यानंतरही ठरावीक वर्षं भाग पुरवावेत. सॉफ्टवेअरचा सांभाळ थांबवणार असाल तर ते खुलं करा, म्हणजे ज्याला येतं तो पुढे चालवील. जगभर हौशी प्रोग्रामर अशी अनाथ सॉफ्टवेअर फुकट सांभाळतात. आणि आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक मेकॅनिकचा अभ्यासक्रम आहेच, त्यात ॲम्प आणि ध्वनियंत्रणेच्या दुरुस्तीचं चांगलं प्रकरण घाला. प्रत्येक तालुक्याच्या गावात मंडपवाले आणि साउंडवाले आहेत; या मुलांना काम कमी पडणार नाही.

यावर कंपन्यांचं उत्तर ठरलेलं असतं: आराखडा खुला केला तर उद्या नक्कल होईल, मग आम्ही संशोधनावर पैसा का घालावा? नक्कल होईल, हे कबूल. झालीच होती. मार्शलने फेंडरचा ॲम्प समोर ठेवून आपला बनवला आणि दोन्ही नावं साठ वर्षांनंतर दुकानात शेजारी शेजारी उभी आहेत. बासमनची आवृत्ती फेंडर स्वतः पुन्हा काढून विकते, तीसुद्धा चांगल्या चढ्या भावाने.